साळुंकीबाईंचा ॲम्प्लिफायर

रानातली जनावरं हौसेनं वाद्यं वाजवायची, त्या काळातली ही गोष्ट. साळुंकीबाई आमराईत युकुलेलीचा वर्ग घ्यायच्या. वर्गात वीस जण होते, पण बाईंचा आवाज मागच्या रांगेतल्या कासवापर्यंत पोचायचा नाही. म्हणून त्या माकडाच्या दुकानात ॲम्प्लिफायर बघायला गेल्या.

"हा मोठा घ्या," माकड म्हणालं. "डोंगर हलेल!"

"आणि कोपऱ्यातला तो जांभळाएवढा?"

"त्याचा आवाज जेमतेम आमराईच्या कुंपणापर्यंत जातो. हवं तर दोन्ही नेऊन वाजवून बघा."

मोठा खोका दोन सशांनी ओढत ओढत आणला. बाईंनी तार छेडली आणि झाडांवरचा मोहोर गळला. बाई खूश झाल्या. डोळे मिटून त्यांनी अख्खं गाणं वाजवलं. डोळे उघडले, तर सगळे वाद्यं मांडीवर ठेवून गप्प बसलेले.

"अरे, थांबलात का?"

"बाई, तुमचं झकास वाजलं," खार म्हणाली, "पण आमचं आम्हालाच ऐकू येईना."

बाई ओशाळल्या. त्यांनी छोटा ॲम्प्लिफायर गळ्यात अडकवला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्यांचं गाणं मागच्या रांगेपर्यंत पोचलं, आणि मागच्या रांगेचं वाजवणं बाईंपर्यंत आलं. त्यात एक सूर भलताच लागत होता. बाई गाता गाता उडत कासवापाशी गेल्या आणि त्याची उतरलेली तार त्यांनी नीट लावून दिली.

कासवानं ती छेडून पाहिली. त्याचा चेहरा खुलला. "बाई, वर्षभर मला वाटत होतं, माझा हातच जड आहे!"