भिंतीवरचा तेलकट पट्टा

वृद्धाश्रमांची तपासणी करणाऱ्या खानविलकर साहेबांच्या खिशात कायम पांढराशुभ्र रुमाल असे. भिंतीवरून रुमाल फिरवायचा आणि तो मळला की गुण कापायचे, ही त्यांची रीत. ‘ओसरी’ वृद्धाश्रमात तो असा मळला की साहेबांचा आवाजच चढला.

"कमरेएवढ्या उंचीवर हा तेलकट पट्टा! शेजारच्या गावातल्या आश्रमाच्या भिंती बघा, आरशासारख्या! त्यांना पहिला नंबर दिलाय मी. तुमची तर मान्यताच काढून घ्यायला हवी."

व्यवस्थापकांनी मान खाली घातली. बाकावरच्या द्वारकाबाई बिडकर मात्र उठल्या. तीस वर्षं नर्स होत्या त्या, प्रसंगी डॉक्टरलाही सुनावणाऱ्या.

"साहेब, हा पट्टा आम्हा तेवीस जणांच्या हातांचा आहे. गुडघ्याला तेल चोळायचं आणि भिंत धरून चालायचं. मी आले तेव्हा खाटेवरून उठत नव्हते. दिवाळीत दारापर्यंत पोचले, संक्रांतीला स्वयंपाकघरापर्यंत, आणि आज या पायरीपर्यंत." त्यांची मान ताठ झाली. "त्या आरशासारख्या भिंतींच्या आत किती जण खाटेवरून उठतात, ते कुठल्या रुमालानं पुसून पाहिलंत?"

साहेबांनी मळलेला रुमाल खिशात ठेवला. कापलेले गुण निमूटपणे परत लिहून ते निघाले. पायरी उतरताना गुडघ्यात कळ आली आणि हात आपसूक भिंतीवर गेला, नेमका त्या पट्ट्यावर.

"धरा, खुशाल धरा," द्वारकाबाई म्हणाल्या. "चोविसावे तुम्ही."