न विसळलेलं पातेलं

दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्या ऑफिसात घारपुरे सरांचा शब्द शेवटचा. एका दुपारी ते सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहिणाऱ्या मीनलवर कडाडले, "बाळाच्या औषधाचा डोस तपासणारी तुझी चाचणी एकटी चालवली की पास, आजोबांच्या डोसच्या चाचणीनंतर चालवली की नापास! चाचणीच खराब आहे. काढून टाक."

"काढते सर. आधी तुमचं दूध आणते."

मीनलनं पँट्रीत सगळ्यांसाठी लिंबाचा चहा केला आणि त्याच पातेल्यात, न विसळता, सरांचं दूध तापवलं. दूध फाटलं.

"नासकं दूध! दूधवाला बदला!" सर गरजले.

मीनलनं पातेलं विसळून त्याच पिशवीतलं उरलेलं दूध तापवून आणलं. त्यावर छान साय होती.

"दूध चांगलंच होतं सर, पातेल्यात आधीचं लिंबू राहिलं होतं. आजोबांची चाचणीही सॉफ्टवेअरमधल्या नमुना पेशंटचं वय सत्तर करते आणि तसंच सोडून जाते. मग बाळाला आजोबांचा डोस मिळतो. चाचणी राहू द्या, मध्ये फक्त वय पुसूया."

सरांनी दूध संपवलं, मिशी पुसली आणि नोकरीच्या वीस वर्षांत पहिल्यांदाच आपला कप स्वतः विसळून ठेवला.