चाचणीत नापास झालेली कौसल्या

“मग यात माझं काय चुकलं, माई?”

हेमंत दाभाडे उभ्यानेच विचारत होता. माईंनी बस म्हटलं, तरी तो बसला नाही.

गिरणा नदीच्या काठचा हा लहानसा मठ. आईबाप गेल्यावर हेमंत इथेच वाढला, इथल्याच पंगतीत जेवला. मठ चालवणाऱ्या सोनामाईंनी त्याला शिकवलं आणि पुढे शहरात धाडलं. आता तो मानसशास्त्रज्ञ होता. माणसाचा स्वभाव मोजणं हे त्याचं काम. कोण शांत, कोण चिडखोर, कोणावर विसंबावं, हे तो प्रश्न विचारून आणि उत्तरांना गुण देऊन ठरवायचा. त्याच्या शब्दावर नेमणुका होत.

माई स्वतः फार तापट. गावातली मोठी माणसंही त्यांच्यासमोर जपून बोलत.

तालुक्याच्या गावाबाहेर मनोरुग्ण बायकांचा एक निवास होता. तिथे कायमच्या सेविका नेमायच्या होत्या. हेमंतने सगळ्या उमेदवारांची चाचणी घेतली. त्यात एक प्रश्न होता: रुग्णाला मारावं असं तुम्हाला कधी वाटलं आहे का?

बाकीच्या सगळ्या ‘कधीच नाही’ म्हणाल्या. कौसल्या तायडे म्हणाली, ‘पुष्कळदा.’ चिडचिड होते का, यालाही ती हो म्हणाली. ती तिथे आधीपासून बदली सेविका म्हणून काम करत होती. हेमंतने तिला नापास केलं. तिचं काम गेलं.

तिच्या जागी आलेल्या बाईला मनाच्या स्थिरतेत सगळ्यांत वरचे गुण होते. गेल्या आठवड्यात आंघोळ घालताना तिने गोदाक्का नावाच्या रुग्णाचा हात पिरगाळला. मनगट मोडलं. गोदाक्का म्हातारी, तिला बोलता येत नव्हतं. पाणी फार कढत होतं म्हणून ती किंचाळत होती. तिचा गुन्हा एवढाच.

सांगता सांगता हेमंतचा आवाज चढला. चाचणी चोख होती, हजारो माणसांवर पारखून घेतलेली होती. खोटं बोलली ती बाई, आणि विश्वस्त जाब विचारत होते त्याला. उद्या पुन्हा निवड होती. या वेळी त्याने खोटं पकडणारे आणखी प्रश्न घातले होते. मला कधीच राग येत नाही, असं म्हणणारी आता त्याच्या हातून सुटणार नव्हती.

माई ऐकत होत्या. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती.

“आणि कौसल्या?”

“तिचा प्रश्नच येत नाही. तिने स्वतःच कबूल केलंय.”

“तिने हात उगारला होता कधी कुणावर?”

“नाही. पण...”

“गोदाक्का कुणाच्या हातून जेवायची?”

कौसल्येच्याच, असं त्याने सांगितलं. ती गेल्यापासून म्हातारी नीट जेवत नव्हती, हेही सांगितलं. मग घाईने म्हणाला, की असल्या गोष्टी मोजमापात धरता येत नाहीत.



“माई, शंभरात काही अंदाज चुकणारच. आमच्या शास्त्रात तेवढी चूक धरलेलीच असते. एका मनगटासाठी...”

माई उठल्या.

त्यांचा उजवा हात वर गेला. त्याच्या गालाजवळ येऊन थांबला. हेमंतने डोळे मिटले.

थप्पड बसली नाही...

त्याने डोळे उघडले. माई खाली बसल्या होत्या. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. धाप लागली होती. चेहरा रागाने काळवंडला होता.

“तुम्ही मला मारणार होतात.”

“हो.”

“अजून राग आहे?”

“अजून मारावंसं वाटतंय.”

हेमंत हळूहळू खाली बसला. माईंच्या दबलेल्या हाताकडे बघत राहिला. गोदाक्काचं मनगट...

त्याने विचारलं, “उद्या मी त्या बायकांना काय विचारू?”

माईंनी हात काढला नाही.

“उद्याचं उद्या. आत्ता कौसल्येच्या दारात जाऊन उभा राहा. तिला विचार, मारावंसं वाटलं, तेव्हा काय केलंस?”