पिलांवरची मरळ

एका मोठ्या तलावाच्या काठी एकदा एक म्हातारा भोई राहत होता. कोणत्या माशाला कोणतं आमिष लावावं आणि ते पाण्यात कसं खेळवावं, हे त्याच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं. त्याचा मुलगा पुरात गेला. मग सुनेनं, हौसानं, गळ हातात घेतला आणि सासराच तिचा गुरू झाला. घरात दोन लहान लेकरं होती. शिकल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्या तलावावर एका व्यापाऱ्याचा डोळा होता. मासेमारीचा ठेका त्याला हवा होता. वस्तीतली बाकी माणसं मान खाली घालून बसली. आडवी आली ती एकटी हौसा. ठेका कुणाला द्यायचा ते ठरवायला चावडीवर साहेब येणार होते. त्यांच्यासमोर उभी राहून ती बोलली तर तलाव वस्तीकडे राहणार, नाही बोलली तर जाणार.

व्यापाऱ्यानं आधी तिला आपल्या दुकानात काम देऊ केलं. तिनं नको म्हटलं. मग तो म्हणाला, पोरांना शहरात वसतिगृहात घालतो. तेही तिनं नाकारलं. तेव्हा त्यानं आपला मुकादम घाटावर आणून बसवला. हौसा आली की बोलायचं, एवढंच त्याचं काम.

"काय हौसाबाई, भोयाचं पोर आणि पाण्यात बुडालं? का तुझ्या तोंडाला कंटाळून खालीच राहिला तो?"

बसलेले हसायचे. हसणाऱ्यांत वस्तीतलेही होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्यांना वाटायला हवी होती.

चावडीच्या आदल्या दिवशी हौसा दगडावर कोयता घासत बसली. म्हातारा जवळ आला.

"कशाला ग एवढी धार?"

"उद्या तो वाटेतच बसलेला असणार, मामंजी. आधी त्याची जीभ छाटते. मग जाते साहेबाकडं."

"आणि साहेब तुला चहा पाजतील?"

"न का पाजेनात. ऐकून ऐकून कान किडले माझे."

तिचा राग खोटा नव्हता, हे इथंच सांगून ठेवते. म्हाताऱ्यानंही तो खोटा म्हटला नाही. तो म्हणाला, "कोयता असू दे तिथंच. चल, मरळ धरू."

त्यानं होडी लव्हाळ्याकडे नेली तशी हौसा चपापली. पाण्यावर पिलांचा लाल घोळका फिरत होता आणि खाली मरळीची काळी पाठ दिसत होती. पिलांवर असलेल्या मरळीला गळ टाकायचा नाही, हा त्या वस्तीचा नेम. उपाशी राहिले तरी कुणी तो मोडला नव्हता. त्यात ही मरळ एकटी. तिचा नर मागेच कुणाच्या तरी जाळ्यात गेलेला.

"मामंजी, ही नको."

"बघ नुसती."

त्यानं गळाला गांडूळ लावून तिच्या तोंडापाशी सोडलं. मरळ हलली नाही. जिवंत मासोळी लावली. मरळीनं तिला वाट करून दिली. पिलं राखताना ती खात नाही. मग त्यानं पिशवीतून एक लाकडी बेडकी काढली. जुनी, रंग उडालेली, पोटाखाली गळ. खाण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. ती त्यानं घोळक्याच्या पलीकडे टाकली आणि पिलांच्या मधून टपटप ओढत आणली. पिलं उधळली. मरळ वर आली आणि थांबली. त्यानं पुन्हा ओढली. मरळ नुसती ढुशी देऊन फिरली. पुन्हा ओढली, तेव्हा पाणी फुटलं आणि गळ टाळूत रुतला.

म्हाताऱ्यानं तिला होडीत घेतली, डोक्यात दांडकं घातलं आणि वल्हं खाली ठेवलं.

"आता पिलांकडं बघ."

घोळका आईच्या जागेवर गोल गोल फिरत राहिला. थोड्या वेळानं खालून चिलापी मासोळ्या आल्या, हळू हळू, घाई नसल्यासारख्या. पाणी उकळल्यासारखं झालं. मग शांत झालं. लाल असं काही उरलं नाही.

हौसा रडत होती. "हे पाप कशाला केलंत? कुणाचं काय बिघडवलं होतं तिनं?"

"भुकेला मासा आधी चाखतो, पोरी," म्हातारा म्हणाला. "नको वाटलं तर थुंकतो. चिडलेला चाखत नाही. त्याला आमिष लागत नाही, लाकूड पुरतं. ही ज्यांच्यासाठी चिडली, त्यांचं काय झालं ते तू पाहिलंस. तुला दुकान दाखवलं, वसतिगृह दाखवलं, तू धरलं नाहीस. आता तो व्यापारी मुकादमाकरवी लाकूड ओढतोय. अजून एक ओढ बाकी आहे, तीही ऐक. पुराच्या दिवशी माझा लेक काठावर उभा होता. 'भोयाचा असून भितोस काय रं?' असं त्याला हाच मुकादम म्हणाला. तो उतरला. हे आज सांगतो, कारण उद्या तो स्वतःच सांगेल."

हौसाचा हात कमरेला गेला. कोयता घरी होता.

सकाळी तिनं दोन्ही लेकरांना बरोबर घेतलं, एकेका हाताला एकेक. मुकादम वाटेत होताच. नेहमीचं बोलून झालं. ती थांबेना, तेव्हा तो मागून म्हणाला, "अगं, मीच म्हणलो होतो त्याला, उतर म्हणून. लगेच उतरला येडा."

हौसा थांबली. मुकादमही उठून उभा राहिला. तो वाटच पाहत होता. घाटावर कुणी हसलं नाही.

"आई, हात दुखतोय," धाकटी म्हणाली.

हौसानं मूठ सैल केली आणि चालू लागली. चावडीवर ती बोलली, सगळं बोलली, पुराच्या दिवसाचंही. तलाव वस्तीकडे राहिला. नवरा काही परत आला नाही, आणि मुकादमाला कुणी हात लावला नाही.

ती मरळ कुणी खाल्ली नाही. म्हाताऱ्यानं ती लव्हाळ्यापाशी पुरली आणि पुढे कधी गळ हातात धरला नाही.

तुमच्या तोंडासमोरून कुणी लाकूड ओढत असेल, तर झेप घेण्याआधी मागं वळून बघा, पिलं कुठं आहेत ते.