खाजणवाडीची वाकडी वई

खाजणवाडीच्या पाणवठ्याकडे उतरताना वाटेला लागून पांगाऱ्याची जी वई दिसते, तिला बघून नवखा माणूस हसतोच. हसा, आमची हरकत नाही. कुंपणाला आमच्याकडे वई म्हणतात, आणि वई दोरी लावून सरळ घालावी ही सगळ्या मुलखाची रीत. ही मात्र ताडी पिऊन घरी निघालेल्या माणसासारखी चालते. एक खुंट परसात घुसलेला, दुसरा वाटेवर आलेला, तिसरा कुणाचं ऐकावं या विचारात मधेच उभा. पण हिच्यातून कोंबडीचं पिल्लू पलीकडे जात नाही, मग नजर कुठली जायला! ती अशी का झाली, त्याची हकिकत जुनी आहे. जुनी माणसं सांगत आली तशीच सांगतो.

वईअलीकडच्या या आवारात तेव्हा धाकू नावाचा म्हातारा एकटा राहायचा. बायको गेलेली, मूलबाळ नाही, आणि सगळ्या वाडीची मस्करी करणं हा एकच धंदा. लग्नाला निघालेल्या व्याह्याच्या पगडीत त्याने बेडूक ठेवला होता, असं सांगतात. शिमग्यात पोरं लोकांच्या वईची लाकडं चोरून होळीत घालतात, धाकू स्वतःच्याच वईची लाकडं उपटून पोरांना द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी "माझी वई कोणी चोरली?" म्हणून देवळापुढे बोंब ठोकायचा. वाडी हसायची. वईला मात्र भगदाडं पडत गेली.

वईपलीकडे भागीचं परसू. तिचा घो, जिवा, गलबतावर खलाशी. खजूर आणायला गलबत मुसकतेला गेलं, ते आलंच नाही. बरोबरची गलबतं आली, पावसाळा गेला, दुसरा आला. सासरच्यांनी बांगड्या फोडायचा विषय काढला, तेव्हा भागी तशीच उठून देवीच्या देवळात गेली आणि सगळ्यांसमक्ष बोलली, "माझो घो जिवंत आसा. तो परत येयपर्यंत माझा रडणा कोणाच्या दिष्टीक पडूचा नाय. पडला, तर तो माझो नाय."

नवस बोलणं सोपं, रडू गिळणं कठीण. भागी चारचौघांत हसायची, दळायची, मासळी विकायची. सकाळची कामं उरकली की परसात केळीआड जाऊन बसायची आणि पदर तोंडात धरून रडून घ्यायची. तेवढीच तिची जागा. पण पाणवठ्याची वाट धाकूच्या आवारातून, वईला लागूनच. येणारी-जाणारी प्रत्येक बाई भगदाडाशी हळू व्हायची. भागीच्या हातात बांगड्या आहेत ना, कपाळ भरलेलं आहे ना, डोळे सुजलेत का, हे बघितल्याशिवाय कुणाचा हंडा भरत नसे.

वई धाकूची. दुसऱ्याच्या वईच्या काडीलाही हात लावला तर हद्दीचं भांडण उभं राहतं, म्हणून भागीने आपल्या बाजूने करायचं ते केलं. जुनं लुगडं आडवं बांधलं, ते वाऱ्याने नेलं. दोडक्याचा वेल चढवला, तो खाऱ्या पाण्यावर करपला. शेवटी ती धाकूकडे आली.

"मामानू, तेवढी वई बांधून घेवा."

"बांधतंय गो. पण मगे माका वारो खयसून येतलो? म्हाताऱ्याचो वारो अडवतंस?"

पुन्हा आली, तर म्हणाला, "भोकां माझी, माझ्या बापाशीची. ती विकूची नाय." ऐकणारे हसले. भागीही हसली. तिला हसावंच लागायचं.

त्या शिमग्यालाही धाकूने वईचे आणखी काही खुंट पोरांना दिले. होळी झाली, सकाळ उजाडली. अंगाला राख फासून धाकू आवारात फिरत होता. भगदाडापाशी आला आणि त्याला लहर आली. भागी केळीआड बसते ती कशाला? चोरून गूळ खाते की काय? बघावं, आणि देवळापुढे सांगून हशा पिकवावा. त्याने भगदाडाला डोळा लावला.

भागी रडत होती. आवाज नव्हता. तोंडात पदर, आणि अंग नुसतं हलत होतं. तेवढ्यात तिने मान वर केली.

धाकूला तिचा नवस आठवला. आयुष्यभर ज्या डोळ्यांनी दुसऱ्याची फजिती शोधली, त्याच डोळ्यांनी त्याने एका खलाशाला समुद्रात बुडवलं होतं. भागी वईपाशी आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मामानू, काय बघितल्यात?"

धाकूने डोळे घट्ट मिटले. हात पुढे करून हवा चाचपडली.

"कोण गो ता? भागी? सकाळपासून डोळ्यांक काळोख इलो हा. काय्येक दिसणा नाय."

शिमग्याचे दिवस, आणि बोलणारा धाकू. वाडीला वाटलं, म्हाताऱ्याने नवं सोंग काढलं. पोरांनी त्याच्या वाटेत शेण टाकलं. तो त्यात पडला. कुणी ताटात भाताऐवजी कोंडा वाढला. त्याने घास तोंडात घातला. पंचमी झाली, रंग धुतले गेले, सगळ्यांची सोंगं उतरली. धाकूचं उतरेना. भागी मात्र रोज बघत होती, हा आज डोळे उघडतो की उद्या.

मग धाकूने आवारातल्या पांगाऱ्याच्या फांद्या तोडून घेतल्या आणि हाताने भगदाडं चाचपत एकेक खुंट रोवला. "दोरी लाव रे, वाकडा जाता!" म्हणून लोक ओरडायचे. "माका वाकडा नि सरळ सारखाच दिसता," म्हणायचा. फाल्गुनातलं ऊन, कातळाची जमीन, घोटभर पाणी. खुंट वाळूनच जायला हवे होते. ते फुटले. पुढल्या शिमग्याला वई लालबुंद फुलली, आणि भागीच्या परसाला आडोसा झाला.

किती वर्षं गेली, कुणी सात म्हणतं, कुणी बारा. एका सकाळी पाठीला बाक आलेला, दाढी पिकलेला जिवा बंदरावर उतरला. कुठल्याशा परमुलखात अडकून पडला होता म्हणे. वाडी बंदराकडे धावली. भागी आधी धाकूच्या अंगणात आली.

"मामानू, तो इलो. नवस फिटलो. आता डोळे उघडा आणि बघा, मी रडतंय." आणि ती मोठ्याने रडली, उघड्यावर, सगळ्या वाटेला ऐकू जाईल अशी.

आता सोंग टाकायला हरकत नव्हती. पण ते टाकलं असतं, तर त्या सकाळी आपल्याला रडताना त्याने खरंच पाहिलं होतं, हे भागीला पक्कं कळलं असतं.

"बघतंय कसो गो, माका दिसणा नाय," मिटल्या डोळ्यांनी धाकू म्हणाला. "पण आयकतंय. रड."

धाकू तसाच, डोळे मिटूनच, मेला. कुणी म्हणतं, मिटून मिटून त्याची दृष्टी खरंच गेली होती. कुणी म्हणतं, शेवटपर्यंत त्याला दिसत होतं. आमच्या वाडीत यावर पैज लावत नाहीत.

आजही खाजणवाडीत होळीसाठी वईचं लाकूड चोरत नाहीत. होळीच्या दुसऱ्या सकाळी घरटी एक माणूस पांगाऱ्याचा खुंट घेऊन निघतो आणि शेजाऱ्याच्या वईत जिथे भगदाड असेल तिथे डोळे मिटून रोवतो. आजही कुणा बाईला, आणि खरं सांगायचं तर कुणा बाप्यालाही, रडायचं असलं की ते या वईआड जाऊन बसतात, आणि पाणवठ्याला जाणारा डोळे मिटून, हाताने खुंट चाचपत पुढे सरकतो.

चला, तुम्हीही मिटा. आत कुणीतरी बसलंय.