सांदुआने टाकलेला रुमाल

ही गोष्ट फार जुनी. सांगणाऱ्यांच्या आज्यांनीही ती ऐकलेलीच होती. जॉर्जिया देशाच्या बर्फाळ डोंगरांत मुखारी नावाचं गाव होतं. तिथे सांदुआ नावाची विधवा राहायची. तिचा एकुलता एक मुलगा बेर्दिया इतका ताकदवान, की पुरात अडकलेला बैल त्याने खांद्यावर घेऊन काठावर आणला होता, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात गावची नदी आटली. वर झऱ्याच्या तोंडावर नऊ डोक्यांच्या राक्षसाने शिळा लोटली होती. जवाच्या पिकाने माना टाकल्या, तेव्हा बेर्दिया तलवार घेऊन डोंगर चढला.

तीन दिवस दोघं झुंजले. एक डोकं उडवावं, तर तिथे दुसरं उगवायचं. त्यांच्या पावलांनी डोंगर हादरला आणि खाली घरांच्या भिंती ढासळू लागल्या. कुणीही जिंकलं तरी गाव उरणार नाही, हे सांदुआला कळलं. ती एकटीच वर गेली.

त्या मुलखात एक रीत होती. बाईने डोक्यावरचा रुमाल काढून भांडणाऱ्यांच्या मध्ये टाकला, की हत्यार खाली ठेवायचंच. सांदुआने रुमाल टाकला. बेर्दियाने लगेच तलवार खाली ठेवली. राक्षसाने मात्र हातातला धोंडा तसाच त्याच्या डोक्यावर उगारून धरला. आपणच पोराला निःशस्त्र केलं, हे सांदुआला उमगलं. ती मुलाच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"ही रीत माणसांची, म्हातारे," राक्षस म्हणाला. "मला ती कुणी सांगितली?"

"मी सांगते आहे," सांदुआ म्हणाली. "तूही याच डोंगराचा. पाणी का अडवलंस?"

 राक्षसाने सांगितलं, की खाली गावात जेवणावळी होतात, गेलेल्यांच्या, पाहुण्यांच्या, बैलांच्यासुद्धा नावाने प्याले उचलतात, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. सांदुआने नाव विचारलं. ते त्याला स्वतःलाच आठवेना. तेव्हा तिने त्याला इमेदा म्हटलं. तिच्या भाषेत ते आशेचं नाव. राक्षसाने धोंडा टाकला आणि झऱ्यावरची शिळा आपल्याच हातांनी बाजूला केली. मायलेकरांच्या आधी पाणी गावात पोचलं, असं म्हणतात.

मुखारीत आजही जवाची कापणी झाली, की सांदुआच्या नावाने सगळे झऱ्यापाशी जमतात. वर्षभर ज्यांचं बोलणं बंद असेल, त्यांना शेजारी शेजारी बसवतात. पहिला प्याला कुणी पीत नाही. गावातली सर्वांत म्हातारी बाई इमेदाला हाक मारते आणि तो प्याला झऱ्यात ओतते. सगळे कान देऊन थांबतात. वरून एखादा दगड घरंगळत येतो.

"त्याला पोचलं," ती म्हणते, आणि भाकरी वाढायला घेतात.