महाराजांची सकाळ आणि तुंगाचं मत

महाराज उठेपर्यंत राजधानीत सकाळ झाली असं कुणी म्हणायचं नाही! राजा दुर्जयसिंहाने असा हुकूम काढला आणि करंजनगरातले सगळे कोंबडे टोपल्यांखाली गेले. देवळातल्या घंटा फडक्यांत गुंडाळल्या. गवळी भरल्या कासेच्या गाई घेऊन ताटकळत बसले. राजा उठायचा ऊन डोक्यावर आल्यावर. मग दरबार भरायचा आणि मानकरी कपाळावरचा घाम पुसत एकमेकांना म्हणायचे, "काय सुरेख पहाट आहे!"

नरहरीशास्त्र्यांच्या पाठशाळेची एक रीत होती. विद्यार्थ्यांनी येताना दवंडी ऐकून यायची आणि त्या बातमीवर उभं राहून आपलं मत सांगायचं. या रीतीवर सगळ्यात जास्त प्रेम होतं तुंगाचं. तुंगा नुकतंच लग्न होऊन या गावात आली होती. सासरी ती दिवसभरात चार शब्द बोलायची, त्यातले दोन 'हो' असायचे. उरलेलं सगळं ती पाठशाळेत बोलून घ्यायची. सीमेवरची लढाई कशी जिंकावी हे तिला ठाऊक होतं, तलवार तिने पाहिलीही नसली तरी. सोमवारी ती जकातीच्या बाजूने असायची, मंगळवारी विरुद्ध, आणि दोन्ही दिवशी तिचा आवाज सारखाच ठाम असायचा.

सकाळच्या या हुकमावर ती म्हणाली, "महाराजांनी खुशाल झोपावं. पण सूर्याला कशाला बाहेर उभं करून ठेवायचं?"

मुलं हसली. हसू भिंतीबाहेर गेलं आणि संध्याकाळच्या आत राजवाड्यात पोचलं.

राजाने तिला बोलावून घेतलं. सोबत सासूबाई आल्या आणि खांबाआड उभ्या राहिल्या.

"सगळ्यावर मत असणारी ती तूच का?" राजाने विचारलं.

"सगळ्यावर नाही, महाराज. आमटीत मीठ किती घालायचं, यावर अजून नाही."

"मग उद्या माझ्या हुकमावर तुझं मत भर दरबारात सांग. मला आवडलं, तर तू तोंडपुजी, पाठशाळेला कुलूप. नाही आवडलं, तर तू उद्धट, पाठशाळेला कुलूप. आणि गप्प बसलीस..."

"तरी कुलूपच," तुंगा हळूच म्हणाली.

"हुशार आहेस," राजा खूश होऊन म्हणाला.

वाटेत सासूबाई एकच वाक्य बोलल्या. "आता पाजळ मतं सगळ्यांपुढे." तुंगाच्या मनात आलं, पाठशाळा गेली, तर चार शब्दांवर जन्म काढायचा!

घरी येऊन तिने आमटीला फोडणी दिली. मीठ घातलं आणि नेहमीसारखी गोंधळली. यावर तिची एक ठरलेली युक्ती होती. पळीतला थेंब सासूबाईंच्या तळहातावर टाकायचा आणि म्हणायचं, "आत्याबाई, बघता का?"

सासूबाईंनी थेंब चाखला. "चिमूटभर कमी आहे."

"मलाही तेच वाटत होतं," तुंगा म्हणाली.

खरं तर तिला काहीच वाटत नव्हतं. पण सासूबाई शेजारणीला सांगायच्या, आमच्या सुनेची जीभ फार तयार आहे. तुंगाचा हात पळीसकट तिथेच थांबला. मग ती हसली, इतकी की आमटी उतू गेली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे भर दुपारच्या पहाटे, दरबार भरला.

"सांग तुझं मत," राजा म्हणाला.

"सांगते, महाराज. पण पाठशाळेत आधी बातमी सांगायची रीत आहे, मग मत. एक राजा आहे. त्याने हुकूम काढलाय, की त्याला भूक लागेपर्यंत जेवणाची वेळ झाली असं कुणी म्हणायचं नाही. सगळं गाव पंगतीत बसलंय. पानात वाफाळता भात आहे, वर तूप आहे. कुणी हात लावत नाही, कारण राजाला काल चार पुरणपोळ्या जास्त झाल्यात."

दुर्जयसिंहाचा जीव जेवणात. तो सिंहासनावरून अर्धा उठला. "तूप थिजलं असेल की!"

"थिजलं, महाराज. पोरंबाळं पानाकडे बघत रडतायत."

"मूर्ख आहे तो राजा! त्याचं पोट भरलंय म्हणून गावाने उपाशी बसायचं? भूक काय कुणाच्या हुकमाने लागते? असला हुकूम आत्ताच्या आत्ता फाडून टाकायला हवा!"

तुंगाने हात जोडले. "मलाही तेच वाटत होतं, महाराज. माझं मत सांगून झालं."

"झालं? कुठला हा राजा?"

"इथलाच. मी फक्त सकाळऐवजी जेवण वाढलं. नवी सून आहे, दुसरं सुचत नाही."

राजा बोटांवर मोजू लागला. मत आवडलं म्हणावं, तर हुकूम फाडायला हवा. नाही आवडलं म्हणावं, तर उद्धट ठरणार तो स्वतःच, कारण मत त्याच्याच तोंडचं. गप्प बसावं, तर गप्प बसणाऱ्याची शिक्षाही त्यानेच सांगितलेली!

आणि राजा हसायला लागला. हसता हसता त्याची पगडी घरंगळून प्रधानाच्या मांडीवर पडली.

"सोडा रे ते कोंबडे!" तो ओरडला. "पोरी, हरलो मी. माग काय हवं ते."

तुंगाने तोंड उघडलं. लढाईवर, जकातीवर, सूर्याच्या वेळापत्रकावर मत असलेली तुंगा तशीच उभी राहिली. हार मागावा की शालू, काही केल्या ठरेना. शेवटी तिने कालच्याच खांबाकडे वळून पाहिलं; सासूबाई आजही त्याच्या आड उभ्या होत्या.

"आत्याबाई, बघता का?"

सासूबाई पदर सावरत पुढे आल्या. "पाठशाळेला एक गाव इनाम द्या, महाराज. आणि माझ्या सुनेला सोन्याच्या पाटल्या."

"दिलं!" राजा डोळे पुसत म्हणाला. "आणि तुझं काय म्हणणं, पोरी?"

"मलाही तेच वाटत होतं," तुंगा म्हणाली.